दोघांचं वचन

प्रिय दादा,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इथे सगळे खुशाल आहेत. बातमीच अशी आहे की तुला सांगितल्याशिवाय माझे पाय जमिनीवर ठरायचे नाहीत. मी चक्क एका स्लोव्हेनियन पाद्र्याच्या कविता मराठीत आणतेय, आणि त्याच्या भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे. संस्कृतातल्या ज्या 'रामौ'साठी तू माझ्या डोक्यात टपल्या मारल्यास, तसलं द्विवचन तिथे लोक भाजी घेतानाही वापरतात.

तुआसच्या ऑफिसात माझ्या शेजारी माया बसते. नाव आपलं, माणूस स्लोव्हेनियाचं. हे फादर लुका तिच्या आजोबांचे थोरले भाऊ. डोंगरातल्या एका गावात त्यांनी चाळीस वर्षं बाप्तिस्मे दिले, माणसं पुरली, मधमाश्या पाळल्या आणि चर्चच्या जुन्या नोटिसांच्या पाठीवर कविता लिहिल्या. वुडलँड्सहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माया एकेक शब्द इंग्रजीत उलगडते आणि मी तो मराठीत बसवते. माझा रुचिर इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणतो, आईला वेड लागलंय लाह.

काल एका ओळीशी गाडं अडलं. लुकाचं धाकट्या भावाशी बिनसलं होतं, भाऊ शहरात निघून गेला. त्याला उद्देशून लुकानं लिहिलंय : 'मिद्वा अजून पाव मोडतो, दोन वेगळ्या टेबलांवर.' मिद्वा म्हणजे आम्ही दोघं किंवा आपण दोघं, त्यांना एकच शब्द पुरतो. मराठीत निवडावं लागतं. मी घाईत 'आम्ही' लिहिलं, मोठ्यानं वाचलं आणि मला तुझाच आवाज ऐकू आला.

बाबा गेले तेव्हा तू फोनवर म्हणालास, आईचं आम्ही बघू, तू तिकडे सुखात राहा. त्या 'आम्ही'त मी नव्हते. मला राग आला, अजून आहे, खोटं कशाला सांगू. पण लुकाची ती कविता त्याच्या माघारी एका पाकिटात सापडली. वर भावाचा पत्ता होता, तिकीट लावलेलं नव्हतं. म्हणून हे पाकीट मी आजच पोस्टात टाकतेय. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी रजा घेतलीय, बारा तारखेला सांगलीत पोचते. ओळीत मी 'आपण' केलंय. व्याकरण तुझा प्रांत, तेव्हा दारात मला पाहिलंस की तेवढी एक दुरुस्ती तूही कर. आईचं आपण बघू, एवढंच म्हण.

तुझीच,
अनघा