शेवटचं प्रकरण खोटं

मंगळवार, ४ जून

काठी हातात घेऊन धावते म्हणे! आज वाचनमंडळाचा निम्मा वेळ या एका वाक्यावर गेला. कादंबरीचं नाव 'कोरडे पाय'. लिहिणाऱ्या मार्जरी टेनचर्टबाई इंग्लंडच्या, गोष्ट मात्र आमच्या फ्रीसलंड प्रांताची, आमच्याच कालव्यांवरच्या खेळाची. घराएवढी उंच काठी पाण्यात उभी असते, रिकाम्या हातांनी धावत जाऊन तिच्यावर झेप घ्यायची, ती पलीकडे कलेपर्यंत सरसर वर चढायचं आणि वाळूत उतरायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंनी नायिकेच्या हातात काठी देऊन तिला पळवलंय! आल्त्ये तर इतकी चिडली की कॉफी निवून गेली.

मग रिक्स्टने, माझ्या नणंदेने, मुद्द्याला हात घातला. "काठीचं सोडा. शेवटचं प्रकरण घ्या. साठीची बाई उडी मारते आणि पलीकडे पोचते? निव्वळ थाप!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सोडून.

मला पुस्तक आवडलं. हलकंफुलकं आहे, चुका आहेत, कबूल. पण माझा नवरा योहानेस गेल्यापासून मी एकटी असताना मोठ्याने हसले ती हे वाचतानाच. तसं म्हणाले. "तू कशालाही हसतेस, तित्स्के," रिक्स्ट म्हणाली. विषय संपला!

बुधवार, ५ जून

संपला नाही. रात्रभर डोक्यात तेच. मी एकसष्टची. म्हणजे मीही थापच की काय?

रविवार, ९ जून

चर्चमधून परतताना रिक्स्टला गाठलं. टेनचर्टबाई वीस जुलैला आमच्या मंडळात येणार आहेत. "त्यांच्यासमोर मी उडी मारणार. पलीकडे पोचणार," मी म्हणाले.

ती आधी हसली. मग थांबली. "डोकं फिरलंय तुझं. हाडं मोडून घेशील. आणि लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"पोचलीस तर ते शेवटचं प्रकरण मी स्वतः सगळ्यांसमोर उभी राहून वाचीन. नाही पोचलीस तर बाईंना तोंडावर तू सांगायचंस, प्रकरण खोटं आहे म्हणून. मी नाही, तू!"

हो म्हणून बसले. जे पुस्तक मला आवडलं, ते खोटं असं मीच म्हणायचं! तशी वेळ येऊ द्यायची नाही, बस्स.

शनिवार, १५ जून

शेजारच्या डुर्कला पटवलं. तो तरुणपणी स्पर्धांत काठी लावून द्यायचा. काठी पाण्यात सरळ उभी करून ठेवायला कुणीतरी लागतंच, एकटीने होत नाही. त्याने पायांना बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या, म्हणजे चढताना पाय घसरत नाहीत. "तुझी नणंद काय चढायची! खार नुसती," तो म्हणाला. ते मलाही आठवतं. रिक्स्टने जिंकलेले कप आजही तिच्या कपाटात आहेत, काचेआड. पंचविशीत लग्न झालं आणि खेळ बंद. तिच्या सासूबाई म्हणाल्या, आता शोभत नाही. त्या तिच्याच काय, अख्ख्या गावाच्या सासूबाई!

आज फक्त झेप. काठीला मिठी मारली आणि तिथेच लटकले. काठी जागची हलली नाही. मग सावकाश खाली, पाण्यात!

मंगळवार, १८ जून

दंड, मांड्या, पाठ, सगळं ठणकतंय. मस्त वाटतंय.

शनिवार, २२ जून

काठी कलली! पण उलट, ज्या काठावरून निघाले त्याच्याकडेच. डुर्क हसून हसून गवतावर बसला. मीही हसले, नाकात पाणी गेलेलं असताना.

मंगळवार, २ जुलै

वाचनमंडळ. बाईंना काय काय विचारायचं ते ठरवत होतो. आल्त्ये म्हणाली, "ती नायिका पाण्यात पडली असती ना, तर मी विश्वास ठेवला असता." रिक्स्टने तिला गप्प केलं. मग माझ्या हातांवरचे फोड तिला दिसले. बघत राहिली. निघताना पायरीवर, दुसरीकडे पाहत म्हणाली, "खाली बघत चढत असशील. वर बघायचं असतं."

मदत केली की टोमणा मारला? दोन्ही असेल. पण ती म्हणाली ते खरं होतं. मी खालीच बघते.

रविवार, १४ जुलै

वर बघितलं. अर्ध्याच्या पुढे गेले! पाय पाण्याला लागले तेव्हा पलीकडची वाळू हाताच्या अंतरावर होती. डुर्क म्हणतो, होणार. मीही म्हणते, होणार!

शनिवार, २० जुलै

लिहूनच टाकते.

टेनचर्टबाई बुटक्या, लाल गालांच्या, पायात चिखलाचे बूट घालूनच आलेल्या. काठी पाण्यात उभी बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, ही आधीच उभी असते होय!" आल्त्येने त्यांना तिथल्या तिथे माफ केलं.

मी धावले. झेप बरोबर बसली. काठी कलली, योग्य बाजूला. मी चढत होते, वर बघत होते, आणि काठावरून कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, "वर! वर! हात वर टाक! सोडू नकोस!" आवाज रिक्स्टचा होता.

मग डावा पाय घसरला. पडले. धप्पकन, कालव्याच्या त्या बाजूला, पण पाण्यातच. वाळू एवढी जवळ की पडल्या पडल्या तिला हात लागला. टाळ्या इतक्या वाजल्या की बदकं उडाली.

टॉवेल गुंडाळून बाईंसमोर उभी राहिले. पैज ती पैज. म्हणाले, "तुमचं शेवटचं प्रकरण खोटं आहे. पोचत नाही ती." माझा आवाज कापत होता, थंडीने आणि रागानेही. "पण उडी मारते, ते खरं आहे. तेवढं बदलू नका."

बाईंनी माझा ओला हात दोन्ही हातांत धरला.

केक खाताना रिक्स्टला शोधलं. ती कधीच निघून गेली होती. जिंकली आणि थांबलीही नाही! मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा उडी मारणार आहे. पोचेपर्यंत मारणार.

सोमवार, २२ जुलै

सकाळी कालव्यावर राहिलेला टॉवेल आणायला गेले. धावत जायच्या फळीवर रिक्स्ट. पायांना ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या, केसांतून पाणी गळतंय. माझ्याकडे बघून म्हणाली, "उभी काय राहिलीस? काठी धर."