सान हुआनचा माल

व्हँकुव्हर,
९ ऑक्टोबर १९६१

प्रिय आयली मावशी,

तुझं पत्र पोचलं. मिलची दुसरी पाळी बंद झाली, तोइव्हो काका घरी बसला, आणि पुढच्या गुरुवारी पोर्टलंडला सिनेटच्या समितीपुढे मिलच्या वतीने तू बोलणार, हे सगळं तू एका पानात बसवलंस. शेवटी विचारलंस, कोट निळा घालू की काळा. निळा घाल. काळ्यात तू कुणाच्या तरी अंत्यविधीला आल्यासारखी दिसतेस, आणि मिल अजून गेलेली नाही.

सोबत पाठवलेला तुझ्या साक्षीचा मसुदा मी दोनदा वाचला. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर कायद्याने जहाज अमेरिकेतच बांधलेलं हवं, खलाशीही अमेरिकेचे हवेत. पोर्तो रिको आपल्याच झेंड्याखाली, म्हणून आपल्या ओरेगनचं, कूस बेचं लाकूड तिथे महागड्या जहाजानेच जातं. इथे कॅनडात, सीमेच्या अलीकडे, नॉर्वेचं, ग्रीसचं, ज्याचं भाडं कमी ते जहाज घेता येतं. हजार फुटांमागे चौदा डॉलरचा फरक. कायद्यातून लाकूड वगळलं तर दुसरी पाळी पुन्हा लागेल, असं तू सांगणार आहेस. आकडे बरोबर आहेत, मी तपासले. पण हा फरक आजचा नाही. गेली आठ वर्षं तो जवळपास एवढाच आहे, आणि त्यातली सात वर्षं पोर्तो रिकोतल्या सान हुआनचे व्यापारी डॉन एव्हारिस्तो चौदा डॉलर जास्त मोजून आपल्याकडूनच लाकूड घेत होते.

ते का घेत होते, हे मला सोळाव्या वर्षापासून माहीत आहे. करवतीखालून आलेल्या ओल्या फळ्या साखळीवरून सरकत यायच्या आणि तू निळा खडू घेऊन उभी असायचीस. सान हुआनच्या मालात कडेला बोटभरसुद्धा फिकट लाकूड राहिलेलं तुला चालायचं नाही. वाळवी आधी फिकट भागाला लागते, गाभ्याला उशिरा. निवडलेल्या फळ्या, मधे काड्या ठेवून, तू छपराखाली पश्चिमेच्या वाऱ्याला तीन आठवडे सोडायचीस, नाहीतर जहाजाच्या पोटात त्यांना बुरशी धरायची. वखारीत दुसरं कुणी हे करत नव्हतं. तोइव्हो काका मागून ओरडायचा, "आयली, त्या फळीशी लग्न लाव एकदाचं, किती वेळ हात धरून उभी राहशील?" आणि तू मान न वळवता म्हणायचीस, "ती निदान आंघोळ करून येते." डॉन एव्हारिस्तो पहिल्यांदा वखार बघायला आले, तेव्हा त्यांनी तुझ्या खडूची खूण असलेली फळी उचलली आणि म्हणाले, आमच्याकडच्या वाळवीला बाईंचा खडू वाचता येतो, ही खूण दिसली की ती शेजारच्याच्या घरात शिरते. त्या दिवशी तू मला दोन आइस्क्रीम घेऊन दिलीस.

कॉर्व्हॅलिसला लाकूडशास्त्र शिकताना मी तुझं काम मोजलं, हे तुला ठाऊक आहे. मोजपट्टी घेऊन सुट्टीभर तुझ्यामागे हिंडत होते. फिकट कडेची रुंदी किती चालते, तिसऱ्या आठवड्यानंतर ओल किती टक्के उरते, काड्यांमधलं अंतर किती. दोन पानांचा तक्ता झाला. तू तो बघून म्हणालीस, "हे तर मी डोळे मिटून करते, यात लिहिण्यासारखं काय आहे?"

इथल्या लाकूड कंपनीत नोकरी लागून तीन महिने झाले होते. साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, आपलं भाडं एवढं कमी असताना सान हुआनचा एक व्यापारी अजून ओरेगनचंच लाकूड का घेतो. खोलीत नऊ पुरुष होते. कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं. मी उभी राहिले आणि अकरा मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी मी तक्ता टाइप करून दिला. कुणी मागितला नव्हता, मावशी. वसंतात त्या तक्त्याप्रमाणे निवडलेला पहिला माल नॉर्वेच्या जहाजाने गेला. उन्हाळ्यात डॉन एव्हारिस्तोंनी तुम्हाला नकाराचं पत्र धाडलं. तू मला कळवलंस की शेवटी भाडं जिंकलं. मी उत्तरात हवामानाबद्दल लिहिलं.

आता हे आज का लिहिते आहे ते सांगते. तुझ्या साक्षीत एक वाक्य आहे, त्याखाली तू रेघ ओढली आहेस: "हे काम आमच्या वखारीशिवाय कुठेही होत नाही." समितीपुढे तुमच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या अमेरिकन जहाजमालकांच्या वकिलाने डॉन एव्हारिस्तोंना लिहून विचारलं होतं, तुम्ही ओरेगन का सोडलंत. त्यांनी खरं तेच उत्तर दिलं आणि त्याची प्रत आमच्या साहेबांना पाठवली. ती मंगळवारी माझ्या टेबलावर आली. तसाच माल आता व्हँकुव्हरला मिळतो, तिथल्या मिस सिग्ने हायकिला यांनी तो तयार करवून घेतला, असं त्यात आहे. तुझं ते वाक्य झालं की वकील हे पत्र वाचेल, आणि तुला ते भर सभेत, तोइव्हो काकाच्या शेजारी बसून ऐकावं लागेल. म्हणून ते वाक्य गाळ. त्याऐवजी वकिलाच्या आधी तूच सांग, की हे काम माझ्या भाचीने तिकडे नेलं, आता माल दोन्हीकडे सारखाच आहे, उरला तो फक्त जहाजाच्या भाड्याचा फरक. यावर वकिलाला बोलायला काही राहत नाही. नाव पूर्ण घे, नुसतं भाची म्हणू नकोस. त्यानंतर कूस बेमध्ये मला कुणी दार उघडणार नाही, याचा विचार मी करून झालेला आहे. तू उघडायचं की नाही, ते तू गुरुवारनंतर ठरव.

अजून तुझीच म्हणवून घ्यायला धजणारी,
सिग्ने