सुनीताचं वळण

केंदूर, रविवार, संध्याकाळ

आप्पांच्या रानातल्या प्लॉटिंगचं काम मला हवं होतं. ते सुनीताला मिळालं. कॉलेजात ती माझ्याच वर्गात होती.

दुपारी आप्पांनी आम्हां दोघांचे नकाशे ओसरीवर घरच्या मंडळींसमोर शेजारी शेजारी पसरले. माझे रस्ते नियमात, कोपरे काटकोनात, जागा कुठंही वाया नाही. सुनीतानं मात्र कोपऱ्यावरचा प्लॉट सोडून रस्त्याला मोठं गोल वळण दिलं होतं. मागच्या रानात आप्पांचा ऊस राहणार आहे आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर याच वसाहतीतून बाहेर पडणार. हे मला का सुचलं नाही? मीही उसाच्याच गावचा.

“सर, तुमच्या कोपऱ्यावर माझी मागली ट्रॉली लोकांच्या व्हरांड्यात शिरंल की,” आप्पा म्हणाले. “चा प्यायलाच बसंल!”

सगळे हसले. सुनीता हसली नाही. तेच जास्त लागलं.

मग मी त्या वळणात खोट शोधत बसलो. सापडली. “पावसाचं पाणी आतल्या बाजूला साचेल. उतार तिकडे आणि गटार भलतीकडेच.” सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानंच बोललो. आवाजातला आनंद लपला नसावा.

सुनीता वाकून बघत राहिली. “खरंच की रे,” म्हणाली आणि पेन्सिलनं तिथल्या तिथं गटार आतल्या बाजूला घेतलं.

“आता कसं बेस झालं!” आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि काम तिला देऊन टाकलं.

काय सुंदर वळण आहे ते. एक खोट होती, तीही मीच काढून दिली.