वाढत्या अंगाचं अस्तर

नेरे, मंगळवार

ती. रत्नाआत्यास शंभूचा साष्टांग नमस्कार. (पाया पडलो की तू पाठीत जो धपाटा घालतेस, तो पोचला असं समजून पुढे लिहितो.) गुडघा कसा आहे? पायमशीन सोडून विजेचं घेतल्यापासून दुखायचा थांबला, की आता नुसता बसून दुखतो? इकडे सगळे बरे आहेत. म्हैस बरी आहे, आई बरी आहे, तुझे भाऊ, म्हणजे आमचे दादा, माझ्याशी बोलत नाहीत म्हणून जास्तच बरे आहेत. तू म्हणशील, नेऱ्याहून बावधन ते किती लांब, आणि हा पत्रं कसली लिहितो! आत्या, फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून कात्रीशेजारी ठेवतेस आणि ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका मला सल्ले देतात. मागच्या वेळी एकीने हळदीचं दूध प्यायला सांगितलं. हा विषय हळदीच्या दुधाने बरा होणारा नाही.

विषय अस्तराचा आहे. आमच्या वरच्या खोलीत किमया भाड्याने राहते, अमरावतीची, हिंजवडीत कंपनीत आहे. ती शुक्रवारी पंधरा दिवसांसाठी घरी चालली आहे आणि तिथे तिच्या आईने एक मुलगा बघून ठेवलाय. (मुलगा बँकेत आहे. बँकेतल्या माणसांविषयीचं माझं मत इथे लिहीत नाही, कागद पेटेल.) तिच्या प्रवासाच्या बॅगेची चेन तुटली आणि ती जिन्यावरून आईला ते सांगत होती, तेव्हा मी अंगणातून ओरडलो, ‘मी शिवून देतो नवी!’ का ओरडलो, विचारू नकोस. तुझं जुनं पायमशीन माळ्यावरून उतरवलं, ट्रॅक्टर झाकायच्या जाड कापडाचा चांगला तुकडा कापला (दादांना अजून माहीत नाही, ते पावसाळ्यात कळेल) आणि बाहेरची बॅग दोन दिवसांत उभी केली. तीन सुया मोडल्या, चौथी अंगठ्यात गेली. दादा ओट्यावरून म्हशीला म्हणाले, ‘इंजिनेर व्हनार व्हता, आता पिशव्या शिवतुया. लई प्रगती हाय.’ मी रागाने बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती. असो.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, आणि ती चूक तुझी आहे. लहानपणापासून तू माझे कपडे शिवलेस ते वाढत्या अंगाचे. आठवीत शिवलेली पँट मला दहावीच्या निकालाला बरोबर आली. ‘दोन बोटं वाढीव ठेवावं, पोराची जात वाढती असते,’ हे तुझं वाक्य माझ्या रक्तात आहे. म्हणून बॅगेचं माप घेतलं आणि पिवळ्याधमक पॉपलीनचं अस्तर चहूबाजूंनी दोन बोटं वाढवून शिवलं. आत्या, बॅग वाढत नाही! बाहेरचं कापड आहे तेवढंच राहिलं आणि आतलं अस्तर पुरीसारखं टम्म फुगलं. किमयाने हात घातला तो कोपरापर्यंत घड्यांत हरवला. तिचा चार्जर दहा मिनिटं सापडेना. ती हसली. (ती हसते तेव्हा आधी नाकातून हसते, मग तोंडातून. हे तुला सांगायचं कारण नव्हतं.) मग म्हणाली, ‘काय करून राहिला बाप्पा हे? बॅग आहे का गादी? राहू दे, अर्धवट सोडायची सवयच आहे तुला.’

माझं डोकं सटकलं. कॉलेज मी अर्धवट सोडलं, कबूल. सरांनी ड्रॉइंगची शीट सगळ्या वर्गासमोर भिरकावली, मी त्यांच्यासमोर ड्रॉइंगचा बोर्ड भिरकावला आणि दुसऱ्या वर्षातून जो बाहेर पडलो तो पडलोच. पण ते तिने बोलायचं? तिथल्या तिथे अस्तर उसवलं आणि तिला चार पानी पत्र लिहिलं. त्यात सगळं घातलं. पंपाचं बटण बंद करत नाहीस, पोह्यांत साखर घातली म्हणून माझ्या आईला नावं ठेवतेस, नाकातून हसतेस, आणि वर माणसाला अर्धवट म्हणतेस! मग नवीन अस्तर बेतलं. या वेळी तुझी शिकवण बाजूला ठेवून बॅगेपेक्षा अर्धं बोट कमीच धरलं. कोपरे माझ्या ड्रॉइंगच्या ड्राफ्टरपट्टीने आखले (कॉलेजच्या फीचा हा एवढाच उपयोग झाला), आत एक खिसा लावला, खिशात पत्र घातलं, आणि राग शांत होऊन बुद्धी फिरू नये म्हणून खिशाचं तोंड शिवूनच टाकलं. अमरावतीत उसवेल आणि वाचेल. बँकवाल्यासमोर वाचू दे!

अस्तर असं बसलं आत्या, की काय सांगू. एक सुरकुती नाही. पाण्याने भांड्यात बसावं तसं बसलं. रविवारी बॅग दिली. किमयाने आतून चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, आणि हळूच म्हणाली, ‘पूर्ण केलंस रे.’

आत्या, माझा सगळा राग पंक्चर झाला. एवढं मला बारावीच्या निकालालाही कुणी म्हटलं नव्हतं. मी मान खाली घालून उभा, आणि ती म्हणते, ‘पण खिसा कुठंय?’

खिसा नव्हता. म्हणजे होता, पण मी अस्तर उशीच्या अभ्र्यासारखं सवयीने उलटवून आत बसवलं होतं आणि खिसा गेला होता पलीकडे, अस्तर आणि बाहेरच्या कापडाच्या मध्ये. चार पानांसकट. मी म्हणालो, हल्ली बिनखिशाचीच फॅशन आहे. ती बरं म्हणाली. पण काल म्हणते, ‘शंभू, बॅगेत काहीतरी कुरकुर वाजतं.’ मी म्हणालो, ताठ राहावी म्हणून पुठ्ठा घातलाय. तीही बरं म्हणाली. ती इतक्या सहज बरं म्हणते की माझी झोप उडते.

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक घे. आईने भाकरीचं पीठ पाठवलंय.

तुझाच,
शंभू

ता. क. पीठ घेऊन आलेली आणि आत्ता तुझ्यासमोर स्टुलावर बसलेली मुलगी म्हणजेच किमया. मोठ्याने वाचत असशील तर थांब.

ता. क. २. तिला मी सांगितलंय की आत्या खिसा लावून देईल, म्हणून बॅगही तिच्याजवळच आहे. तिला चहा पाज, शेजारच्या दुकानात पाठव, काहीही कर, आणि तेवढ्यात वरच्या काठाचे वीतभर टाके उसवून ती चार पानं काढून घे. अस्तराला धक्का लावू नकोस, आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट पूर्ण केली आहे. पानं जाळ. चौथं पान न वाचता जाळ.

ता. क. ३. पाकीट डिंकाने चिकटवलं नाही, मशीनवर दुहेरी टीप मारून बंद केलंय. तुझ्याशिवाय कुणाला उघडणार नाही.

ता. क. ४. आत्या, नमस्कार. मी किमया. चांदणी चौकात बस अर्धा तास उभी आहे आणि दुहेरी टीप सेफ्टी पिनने सहज उसवते. अस्तर उसवू नका, ते मी सोमवारीच वीतभर उसवून पुन्हा शिवलंय. चारही पानं माझ्याकडे आहेत. आता आत वाजतंय ते मागच्या महिन्याचं लाइटबिल आहे, वाजतं म्हटल्यावर शंभूचा चेहरा कसा होतो ते बघायला ठेवलं. चौथ्या पानावर त्याने लिहिलंय, ‘तू गेलीस तरी वरची खोली मी कुणाला देणार नाही.’ पंधरा दिवसांनी मी परत येतेय, आणि बँकवाल्याला नाही म्हणून येतेय, पण हे त्याला इतक्यात सांगू नका. आधी त्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरू दे, शेवटची तारीख तीस आहे. आणि आलेच आहे तर माझ्या ब्लाउजचं माप घ्या. वाढत्या अंगाचं नको.