सेकंडशिफ्ट कोण?

रविवार, २१ एप्रिल २०२४

प्रिय वॉल्ट,

सप्रेम नमस्कार. बायकोला पोचवून आलेला माणूस जितपत बरा असतो, तितपत तू बरा असशील असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, मांजर माझ्यावर रुसलंय आणि मागच्या शरदात तू दुरुस्त केलेला नळ अजून गळत नाही. गल्लीतल्या बायकांनी आणून दिलेले डबे संपत आले असतील तर सांग. कोबी-नूडल्सची हालुश्की करून पाठवते. मार्लीनसारखी होणार नाही, कारण कोबी करपेपर्यंत थांबायचा धीर मला नाही, हे ती मला तोंडावर सांगायची.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर तू मधेच तोडतोस.

दफनानंतरच्या जेवणाला, चर्चच्या तळघरात, माझ्या ताटात बटाट्याचं सारण भरलेली पिरोगी वाढता वाढता तू हळूच विचारलंस, "डेलिया, आता तरी सांग. सेकंडशिफ्ट म्हणजे चेस्टरच होता ना?" मी नेहमीसारखं म्हटलं, "चेस्टर नव्हता." तूही नेहमीसारखं म्हटलंस, "मग नाव सांग." मी कॉफी आणायला उठले आणि परत तुझ्या टेबलाशी आलेच नाही. तेव्हा चेस्टर बाबिक दाराशी टोपी हातात धरून उभा होता. मार्लीनच्या शवपेटीपाशी सगळ्यांत जास्त वेळ तोच थांबला होता. तुझ्यासमोर आला तेव्हा त्याने हात पुढे केला आणि तू खिशातला रुमाल शोधत बसलास. मी पाहिलं ते. त्यानेही पाहिलं.

तर उत्तर द्यायला बसलेय. पण जरा आडवळणाने येऊ दे, तेवढी मुभा मला या वयात असावी.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आलास तो दिवस? २००६ चा मार्च होता, बाहेर बर्फाचा चिखल. तुझ्याबरोबर तो प्रेस्टन, तुझ्या प्रचारासाठी वॉशिंग्टनहून आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट आणि दोन फोन. दवाखान्याच्या काउंटरवरून मी नुकतीच घरी आले होते. प्रेस्टन म्हणाला, "मॅडम, वॉल्ट डुडाश वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये जायला उभे आहेत आणि यंदा ब्लॉगवाल्यांशी मोकळेपणाने बोलायचं असं आमचं धोरण आहे." तू इकडेतिकडे बघितलंस आणि विचारलंस, "हे तुझं 'मोनकाठ' छापून कधी येतं?" प्रेस्टनने डोळे मिटले. मी इतकी हसले की चहा सांडला.

काय दिवस होते ते. मोन नदीच्या या वळणावरच्या चार गावांतले जेमतेम शे-दोनशे लोक वाचायचे माझं ते 'मोनकाठ', पण आम्हाला वाटायचं की आता वर्तमानपत्रं आणि पैसेवाले गेले, यापुढे देश आम्हीच चालवणार. पक्षाचा उमेदवार ठरवणारी ती प्रायमरी, आपल्याच पक्षातली माणसं समोरासमोर, म्हणजे सगळी भाऊबंदकीच. तुझ्यासमोरच्या त्या वकिलाने आम्हा ब्लॉगवाल्यांना हॉटेलात न्याहारीला बोलावलं होतं. कापलेली फळं आणि ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. तू मात्र येताना मार्लीनने दिलेलं हालुश्कीचं भांडं आणायचास, टॉवेलमध्ये गुंडाळून. मी विकली गेले असं कुणी म्हटलंच असतं तर कोबीला विकली गेले, असं मी सांगत फिरायचे.

गुरुवारी दुपारी तुझा प्रश्नांचा तास. लोक ब्लॉगवर लिहून विचारायचे आणि तू एका बोटाने टायपायचास, म्हणून पहिल्याच गुरुवारी मी कीबोर्ड ओढून घेतला. ठरलं असं की तू बोलायचं आणि मी अक्षरन् अक्षर तसंच उतरवायचं. प्रेस्टन मागे उभा राहून पुटपुटायचा, "हे जरा गुळगुळीत करू या का?" तू म्हणायचास, "पोरा, तू हालुश्की खा."

आणि मग सेकंडशिफ्ट या टोपणनावाने लिहिणारा एक जण आला. बाकीचे विचारायचे पूल कधी दुरुस्त होणार, इराकातून पोरं कधी परत येणार. सेकंडशिफ्ट तुझ्या वर्मावर बोट ठेवायचा. "डुडाश, तुम्ही फायर हॉलमध्ये एक बोललात आणि रोटरीत दुसरं. यातलं खरं कोणतं?" "डुडाश, तुम्ही लोकांचं ऐकता म्हणता. घरात ऐकता का?" तू लालबुंद व्हायचास, टेबलावर थाप मारायचास आणि पुढच्या क्षणाला असं उत्तर द्यायचास की टायपताना माझे हात थांबायचे. इतरांना तू जी उत्तरं दिलीस ती प्रेस्टनची होती. सेकंडशिफ्टला दिलीस ती तुझी.

एप्रिलमधल्या त्या एका गुरुवारी त्याने विचारलं, "युनियनचे अध्यक्ष असताना काच कारखान्याच्या ज्या करारावर तुम्ही सही केलीत, त्यात दुसऱ्या पाळीची माणसं आधी घरी गेली. त्यांना विचारलं होतंत?" प्रेस्टन म्हणाला, "हा सोडून द्या." तू खुर्ची माझ्याजवळ ओढलीस. मग म्हणालास, "लिही. नाही विचारलं. मी घाबरलो होतो. सगळाच कारखाना बंद पडेल म्हणून घाबरलो आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता सही केली. ती सही अजून माझ्या हाताला चिकटलेली आहे." मी लिहिलं. चार दिवसांत त्या वकिलाचं पत्रक घराघरांत पडलं, तुझा फोटो आणि खाली 'मी घाबरलो होतो.'

त्यानंतर तू हरलास. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात एका शुक्रवारी बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये मासळी खायला जेवढी माणसं मावतात, तेवढ्याच मतांनी. आणि तुझ्या डोक्याने घेतलं की सेकंडशिफ्ट म्हणजे चेस्टर. तोही दुसऱ्या पाळीतला, नोकरी गेल्यावर न्हावी झालेला, खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला तो करार ऐकवणारा. लहानपणी नदीत एकाच दोरीला लोंबकळलेले तुम्ही दोघे. पण तेव्हापासून तू त्याच्या दुकानाची पायरी चढला नाहीस. पुलापलीकडच्या त्या मॉलमध्ये जाऊन डोकं भादरून घेतोस आणि दर वेळी अर्धवट सोललेल्या कणसासारखा दिसतोस. मार्लीनला ते बघवत नसे.

तिला बघवत नसे, वॉल्ट, कारण सेकंडशिफ्ट ती होती.

आता हे पत्र खाली ठेव आणि हवं तर बाहेर एक चक्कर मारून ये. मी थांबते.

कुणी काही लिहिलं की ते कुठल्या कॉम्प्युटरवरून आलं त्याचा आकडा मला दिसायचा. सेकंडशिफ्टचा आणि तुझ्या घरून येणाऱ्या प्रचाराच्या ईमेलचा आकडा एकच निघाला. माझा विश्वास बसेना. पुढच्या गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरात आम्ही बायका शुक्रवारच्या पिरोगी वळत होतो. मी मार्लीनशेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं. तिने हातातल्या पिरोगीची कड दाबायची थांबवली नाही.

"आकडे तपासत बसतेस होय? मग पोस्टात नोकरी कर."

"मार्लीन, अगं तो तुझा नवरा आहे. घरी विचार ना."

"घरी विचारलं तर म्हणतो, हो हो मार्ल, नंतर बोलू. लग्न झाल्यापासून नंतरच बोलतोय. तुझ्या स्वयंपाकघरात बसला की मात्र चुरूचुरू उत्तरं देतो. मग मी कुठे विचारू?"

म्हणजे काय होत होतं ते बघ. तू माझ्या टेबलाशी आणि ती तुमच्या वरच्या खोलीत, मधे फक्त टेकडी. सगळा एप्रिल तुम्ही नवरा-बायको एकमेकांशी बोलत होता आणि मी मधे बसून टायपत होते. एवढं बोलणं तुमच्यात आधी कधी झालं नव्हतं, हे तिनेच मला सांगितलं. कराराचा प्रश्न तिने का विचारला हेही तुला आता कळलं असेल. तिचा भाऊ यूजीन दुसऱ्या पाळीत होता. पोट भरायला नॉर्थ कॅरोलायनाला गेला तो तिकडचाच झाला. 'मी घाबरलो होतो' हे वाचून ती वरच्या खोलीत बसून रडली. तिला पाच वर्षं तेवढंच ऐकायचं होतं.

मग ते पत्रक आलं आणि तिचा धीर सुटला. "मी त्याला हरवलं," म्हणून माझ्या दाराशी येऊन बसली. मी म्हटलं, सांगून टाक. तर म्हणाली, "आत्ता सांगितलं तर तो मला माफ करून टाकेल आणि परत कधी विषय काढणार नाही. मी त्याच्या आधी गेले तर सांग. तोवर नाही." मी शब्द दिला. चेस्टरचं नाव निघालं तेव्हा तिने तुला किती वेळा सांगितलं की तो असलं करणारा नाही, आणि तू म्हणालास, तुला राजकारणातलं काय कळतं. मग ती दर नाताळला चेस्टरच्या घरी अक्रोड भरलेला नट रोल पोचवत राहिली, तुझ्या नकळत. म्हणून तो शवपेटीपाशी तेवढा वेळ उभा होता. त्याला खरं काय ते माहीत नव्हतं. फक्त रोल माहीत होता.

मला विचारशील, तर तिच्याखालोखाल मला आठवण येते ती त्या गुरुवारांची. ब्लॉग कधीच बंद पडला, त्या जागेवर आता कुणीतरी गाद्या विकतं. पण माझ्या टेबलावर तुझ्या थापेने पडलेला टवका आहे. तो मी भरून घेत नाही.

शेवटचा तास आठव. मतदानाच्या आधीचा गुरुवार. सेकंडशिफ्टने विचारलं, "हरलात तर काय कराल?" तू वैतागून म्हणालास, "लिही. हरलो तर घरी जाईन. या सगळ्यात पडू की नको हे मी बायकोला कधी विचारलंच नाही. तिचं मत मला मिळेल की नाही तेसुद्धा मला माहीत नाही. घरी जाऊन आधी ते विचारीन." मी तसंच उतरवलं. तू कोट घालत होतास तेवढ्यात तिचं उत्तर आलं. ब्लॉगवरचं काहीही मी बघून सोडल्याशिवाय दिसायचं नाही, ते तसंच अडलेलं होतं. आणि लगेच फोन वाजला. मार्लीन. घाबरलेली. "डेलिया, ते लावू नकोस. माझ्या बोटांनी सवयीने नको ते लिहिलंय. त्याला लगेच कळेल."

मी ते लावलं नाही. पण तू दारात होतास, म्हणून त्यातलं निम्मं मी तुला तोंडी सांगितलं, "मार्लीनचा फोन होता, येताना दूध घेऊन ये म्हणालीय." तू हात वर केलेस. "बघा. मी काँग्रेसला उभा आहे आणि या बाईला दूध हवंय." आणि नेलंस. ते तू नेलंस हे तिने मला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं.

घरी जाऊन तू तिला मत विचारलंस का, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही, आणि तुलाही विचारत नाही.

चेस्टर मंगळवारी दुकान उघडतो. सकाळी गर्दी नसते. केस वाढलेत तुझे.

आणि ती ओळ, जशीच्या तशी, तिच्याच शब्दांत. तुझ्यापर्यंत निम्मीच पोचली होती:

"विचारायला नको. माझं मत तुलाच आहे. येताना दूध आण."

तुझी,
अजूनही अक्षरन् अक्षर तसंच उतरवणारी,
डेलिया