लढाईचं की मालाचं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या कॉलेजात तुम्हाला पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे. तुमचाच इतिहासाचा वर्ग मी शिकवते. गेल्या आठवड्यात तिथे मी जे केलं, ते जिवंत माणसाला सांगायची लाज वाटते.

रोमन काळातल्या ब्राँझच्या पिनांचे फोटो दाखवत होते. आपण पदराला लावतो तशा, खांद्यावर वस्त्र अडकवायच्या. त्यातल्या काही चक्क जहाजाच्या आकाराच्या. बोटाएवढं जहाज, कडेला वल्ह्यांच्या रेघा, मधे मिनाकामाचे झिजलेले निळे ठिपके. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. सटाण्याकडची, यंदाच आलेली. कुतूहलाच्या भरात ती घरच्या अहिराणीतच बोलून गेली, "मॅडम, हाई जहाज लढाईनं शे का मालनं? शीड नही दिखस."

वर्ग हसला. प्रश्न नेमका होता आणि उत्तर मला येत नव्हतं. मी म्हणाले, "आधी मराठी नीट बोल, मग जहाजाकडे वळू." वर्ग पुन्हा हसला, या वेळी माझ्यामुळे. ती खाली बसली.

बाई, मीही सटाण्याचीच. नाशिकच्या पांडवलेण्यांत दान देणारे यवन, ते ग्रीक, नेमके कुठले, हे मी याच वर्गात विचारलं तेव्हा माझ्याही तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं होतं. हसणाऱ्यांकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाही. "मला नक्की माहीत नाही. आपण शोधू," म्हणालात, आणि संध्याकाळी मला घरी नेलंत. तुमचं ते अरुंद स्वयंपाकघर. तुम्ही पोळ्या लाटताय, मी ओट्याला टेकून शुद्ध मराठीतलं वाक्य मनात जुळवते आहे. तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुझ्या बोलीत बोल गं. मला अडलं तर मी विचारीन तुला." मी मग पोळ्या संपेपर्यंत बोलत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी लायब्ररीबाहेर गाठलं. म्हटलं, "काल मी चुकले. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून तुझ्यावर घसरले."

ती वही छातीशी धरून उभी होती. "नाही मॅडम, चूक माझीच आहे. मी नीट बोलायला हवं होतं." एकेक शब्द जपून, पुस्तकातून उचलल्यासारखा. वर्गात ती अजून येते, सगळं उतरवून घेते. विचारत मात्र काही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. तिची माफी मला आमच्या बोलीत मागायची होती. लायब्ररीच्या पायरीवर तिची वाट पाहत मी पहिलं वाक्य मनात जुळवत होते. ते मला जुळवता आलं नाही.