काड्यांचं नीश

अलेक्झांड्रिया,
नाताळच्या उपवासाचे दिवस

तीर्थरूप ओदेतताईस,

धाकट्या एव्लीनचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे हल्ली टेकतात खरे, पण परत उठायला शेजारच्या मदाम लोलाला हाक मारावी लागते, म्हणून या खेपेचा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे असं समज.) तुझी प्रकृती कशी आहे? रक्तदाब काय म्हणतो? मॉन्ट्रियलला बर्फ पडायला लागला असेल. तू दर वर्षी त्याचा फोटो पाठवतेस आणि खाली लिहितेस, ‘बघ, किती शांत!’ आमच्याकडे यंदा केरसुणीचं वादळ वेळेवर आलं आणि माझ्या कुंड्या, मदाम लोलाचे परकर आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची पाटी, सगळं नावाला जागून झाडून घेऊन गेलं. मी बरी आहे. साखर आहे, डोळे अजून आहेत, दातांचं विचारू नकोस. आता तू म्हणशील, फोन असताना एव्लीन पत्र कशाला लिहिते? ताई, फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. मला या वेळी बोलायचं आहे. आपल्या चर्चचे पाद्री आबूना मिखाईल यांचा भाचा तिकडे यायला निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देईन.

मागच्या ईस्टरला मी तुला आइस्क्रीमच्या काड्यांची एक बाल्कनी पाठवली होती. तिला कठडा होता, दोन कुंड्या होत्या आणि आपल्या बाबांची आरामखुर्ची होती, पाठ मागे झुकलेली. तू कळवलंस, ‘साबणदाणी मिळाली, छान आहे, पण पाणी खाली साचतं.’ मी वाईट वाटून घेतलं नाही. (एक आठवडा घेतलं, मग सोडून दिलं.) पण त्यावरून तुझ्या लक्षात आलं नसेल की मला हा नाद लागला आहे. डोळ्यांमुळे भरतकाम सुटलं, तेव्हा चर्चमधल्या मंगळवारच्या बायकांत एका मुलीने आम्हाला काड्यांची कामं शिकवली: इवलासा बाक, झोपाळा, भिंतीवरची फळी, कंदील, शिडी. घरात कुठेही ठेवावं आणि बघत बसावं, एवढाच त्याचा उपयोग. काडी वाकवायची असेल तर गरम पाण्यात भिजवायची, हलक्या हाताने वळवायची आणि वाळेपर्यंत पेल्याच्या पोटात बसवून ठेवायची. कापायला पायाच्या नखांचं मोठं नेलकटर, रंगाला काळा चहा. तापलेल्या डिंकाच्या बंदुकीने माझी बोटं अशी भाजली आहेत की परवा बँकेतल्या यंत्राने माझा अंगठा ओळखायला नकार दिला. पण ताई, काम सरळ येतं. शाळेतल्या आपल्या नन, मेर क्लोतिल्द, भरतकाम आधी उलट बाजूने बघायच्या, आठवतं? मी अजून प्रत्येक वस्तू उलटी करून बघते. माझा बाक खालूनसुद्धा स्वच्छ असतो. आबूनांनी मात्र तो खिडकी आपटू नये म्हणून फटीत ठोकून बसवला आहे.

काड्या पुरेनात, कारण उपवासात आइस्क्रीम कोण खाणार? तेव्हा अबानूबने प्रश्न सोडवला. अबानूब म्हणजे आपल्या फिबीचा होणारा नवरा. औषधांच्या दुकानात काम करतो. डॉक्टर घसा बघताना जिभेवर दाबतात त्या रुंद काड्यांचा खोकाच त्याने आणून दिला. मुलगा सोन्यासारखा आहे. त्याच्यात दोष एकच, तो म्हणजे आई. त्या बाईंचं नाव इन्साफ. देवाच्या दरबारात आणि मदाम इन्साफच्या घरात, दोन्हीकडे एकदाच निकाल लागतो.

आपला भाऊ नाजी गेला तेव्हा फिबी एवढीशी होती, तिची आई आधीच गेलेली. तू विमानतळावरून मला म्हणालीस, ‘तू आहेस ना, मग मला काळजी नाही.’ आणि खरोखरच तू काळजी केली नाहीस. (हे मी कौतुकाने लिहिते आहे.) तिचे दात, तिच्या परीक्षा, तिचं पहिलं प्रेम, त्या प्रेमाचं दुसऱ्याच मुलीशी झालेलं लग्न, सगळं माझ्या मांडीवर डोकं ठेवून झालं. ती मला आत्या म्हणते, आणि लहानपणी तापात एकदा आई म्हणाली होती ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर लग्न ठरलं, नाताळनंतर लगेच. रीतीप्रमाणे घर मुलाकडून, जेवणाची खोली आणि नीश आमच्याकडून. तू तिकडे राहून विसरली असशील, पण इथे अजून काचेच्या दारांच्या त्या कपाटाशिवाय नवरी घरात शिरत नाही. त्यात चिनी मातीच्या बशा रचायच्या आणि मरेपर्यंत त्यात जेवायचं नाही. आईचं नीश तुला आठवतंच. अक्रोडाचं, तीन दारांचं, मागे आरसा, किल्ली आईच्या गळ्यात क्रुसाच्या जोडीला. बिशप आले तरी सोनेरी काठाचे कप बाहेर आले नाहीत. त्यांनाही स्वयंपाकघरातल्याच कपात कॉफी मिळाली, आणि ते समोर बसून काचेतल्या कपांकडे बघत ती प्याले.

फिबीला नीश नको होतं. म्हणाली, ‘आत्या, दिवाणखाना आहे काडेपेटीएवढा. नीश ठेवलं तर आम्हाला बाल्कनीत राहावं लागेल. नीशच्या जागी आम्ही लिहायचं टेबल ठेवणार.’ मी म्हटलं, ‘तुझ्या सासूला विचारलंस का?’ तर म्हणाली, ‘मी बोलते त्यांच्याशी.’ मी समजले, बोलली. मग माझ्या मनात आलं, मोठं नाही तर नाही, पण पोरीच्या घरात आजीच्या नीशची आठवण तरी असावी. बसले काड्या घेऊन. आईचं नीश डोळे मिटून आठवायचं आणि डोळे फाडून चिकटवायचं. तीन दारं, तीही उघडणारी, बिजागरीला सुया. काचेला औषधाच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक. मागे माझ्या पावडरच्या डबीतला आरसा. माझ्या हातून आयुष्यात याहून चांगलं काही झालेलं नाही.

आणि अशा वेळी, बोटांना डिंक लागलेला असताना, मदाम इन्साफचा फोन आला. त्यांनी विचारलं, ‘एव्लीनताई, नीशचं कुठवर आलं?’ मला वाटलं, पोरीने सांगून टाकलेलं दिसतंय, किती समजूतदार बाई! मी म्हटलं, ‘काळजीच करू नका, माझ्या डोळ्यांदेखत तयार होतंय.’

‘दुम्यातला टाकलंत का करायला?’

‘छे हो! दुम्यातच्या सुताराला एवढं नाजूक काम झेपायचं नाही.’

‘अगं बाई! मग लाकूड कुठलं?’

‘बर्च. परदेशी. डॉक्टर लोक वापरतात ते.’

‘डॉक्टर लोक!’ त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. ‘आणि दारं?’

‘तीन. मागे आरसा.’

‘देव तुमचे हात सलामत ठेवो,’ म्हणाल्या. माझ्या भाजलेल्या बोटांना त्या आशीर्वादाची इतकी गरज होती की मी फोनवरच रडले.

पुढचं तू ओळखलं असशील. सामान लावायच्या दिवशी मी टॅक्सीतून असाफ्राला, पोरांच्या नव्या घरी गेले, मांडीवर बुटांचा खोका, त्याला सॅटिनची फीत. इमारतीखाली ही गर्दी! मदाम इन्साफने दोरवाली माणसं बोलावली होती. सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीचा कठडा काढून ठेवला होता, कारण डॉक्टर लोकांचं तीनदारी नीश जिन्यातून कसं जाणार? त्यांच्या बहिणी, जावा, चर्चच्या बायका, सगळ्या नटून उभ्या. मी उतरताच त्यांनी जिभा नाचवून असा जल्लोष केला की टॅक्सीवाल्याने माझ्याकडे सुटे पैसे मागायचं सोडून मला मुबारक म्हटलं.

‘गाडी मागून येतेय ना?’ मदाम इन्साफ म्हणाल्या.

‘कसली गाडी?’

‘नीशची हो!’

मी फीत सोडली. झाकण काढलं.

ताई, आपण शाळेत असताना प्रार्थनेत कुणाला तरी उचकी लागली की जी शांतता पसरायची, ती शांतता. मग वरून, दोर घेऊन उभ्या असलेल्या माणसाने ओरडून विचारलं, ‘सोडू का दोर?’ आणि सगळ्या हसल्या. एक जाऊ म्हणाली, ‘बाहुलीचं लग्न दिसतंय, आम्हाला चुकीचं आमंत्रण आलं.’ मदाम इन्साफ हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, ‘चूक तुमची नाही, बाई. ज्यांच्या घरात नीश आलंच नाही, त्यांना नीश काय असतं ते कसं कळणार? मुलीला आईबाप नसले की हे असंच व्हायचं.’

मी फिबीकडे बघितलं. अबानूब स्वतःच्या बुटांकडे बघत होता. (बूट नवे होते, पण इतके बघण्यासारखे नव्हते.) मला वाटलं, पोरगी आता म्हणेल की नीश नको असं मीच सांगितलं होतं. ती रडायला लागली आणि म्हणाली, ‘आत्या, मला एकदा विचारायचं तरी होतंस!’ बस. एवढंच. घाबरली होती बिचारी, मला कळतं. मुली आपल्या माणसांवरच ओरडतात, कारण आपली माणसं कुठे जाणार आहेत? वर नेऊन कुणीतरी ते काड्यांचं नीश खिडकीत ठेवलं, आणि दोरवाल्यांपैकी एकाने त्याच्यावर चहाचा ग्लास टेकवला. आता निकाल असा आहे: नाताळपर्यंत माणसांच्या आकाराचं नीश आलं नाही तर लग्न पुढे. ‘पुढे’ म्हणजे ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासानंतर, आणि तोवर मदाम इन्साफच्या माहितीत दुम्यातच्या फर्निचरवाल्याची एक मुलगी आहे. फिबी जेवत नाही. माझ्याशी बोलते, पण ‘मीठ दे’ एवढंच.

दुःख नीशचं नाही गं, ताई. त्या बाईचं म्हणणं अर्धं खरं होतं. ज्या मुलीला नवरा मिळतो तिला नीश मिळतं. राहिलेलीला साधं कपाट. आई गेली त्या वर्षी तू ते नीश तुझ्या स्पोर्टिंग भागातल्या फ्लॅटवर नेलंस तेव्हा मला म्हणालीस, ‘तुला एकटीला काय करायचंय?’ मग तुम्ही कॅनडाला गेलात, आणि तेव्हापासून बंद घरात तेही एकटंच आहे. मी त्याबद्दल कधी काही बोलले नाही, आताही बोलत नाही. पत्र केवळ खुशालीसाठी लिहिलं. जावईबापूंना सलाम, नातवंडांना पापे, देव तुला उदंड आयुष्य देवो.

तुझी लाडकी बहीण,
एव्लीन

ता. क. भाचा अजून निघाला नाही, म्हणून सुचलं ते लिहिते. आईचं नीश फिबीला दिलंस तर? तू तिची सख्खी मोठी आत्या. विचार करून सावकाश कळव. माझा काही आग्रह नाही.

आणखी एक ता. क. भाचा विमानाच्या संपामुळे अडकला आहे. दरम्यान मी नीश नेलं. रखवालदार बखीतकाकांकडे तुझी किल्ली असतेच. त्यांना सांगितलं, ताईचा निरोप आलाय. दोरांनी वर चढवलं, कठडा पुन्हा काढला, पुन्हा तोच जल्लोष. मदाम इन्साफने अक्रोडावरून हात फिरवला आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आता दिवाणखान्यात नीश आहे आणि लिहायचं टेबल बाल्कनीत. फिबी जेवते आहे.

शेवटचं. त्यांनी विचारलं, नीश कुठून आलं. चोरून आणलं असं कसं सांगू? म्हटलं, मोठ्या आत्याने कॅनडाहून सांगून दिलं. तेव्हापासून त्या घरात तुझंच नाव. मदाम इन्साफ म्हणतात, ‘मोठ्या बहिणीने लाज राखली.’ आणि फिबीने ठरवलंय की चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आईच्या जागी, तूच बसायचंस. नाताळच्या दिवशी ती तुला फोन करून बोलावणार आहे, तिकिटाचंही अबानूब बघतो म्हणाला. ताई, तू नाही म्हण. थंडी सांग, विमानाची भीती सांग, काहीही सांग, तुला सुचतं. आईचं नीश तुझ्या नावावर गेलं, माझी तक्रार नाही. ती जागा माझी आहे.